कातीचं तोंड

त्यांना एखादा शब्द विचारला तर ते अर्थ सांगत नसत. आधी विचारत, "कुठं भेटला?" शेतात, कचेरीत, पोथीत की भांडणात, हे कळल्याशिवाय ते पुढं बोलत नसत. "शब्दाला गाव विचारावं," असं त्यांचं म्हणणं होतं. "माणसाला जात विचारायची खोड आपल्याला आहेच. शब्दाला तरी ती लावू नये."

चारठाण्याच्या शाळेत आम्ही काही वर्षं सोबत होतो. हैदराबाद संस्थान भारतात सामील होऊन थोडाच काळ लोटला होता. शाळेचं माध्यम उर्दूचं मराठी झालं होतं. मी मराठी शिकवायला नव्यानं आलेला. ते जुने, हैदराबादेत शिकलेले, फारसी आणि इतिहास शिकवणारे. फारसी बंद झाली. इतिहास राहिला, पण तो आता मराठीतून शिकवायचा होता. आणि ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलली जात होती, त्या या गृहस्थांना मराठी लिहिता येत नव्हती.

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. मराठवाड्यात तेव्हा अशी माणसं पुष्कळ होती. वडील निजामी कचेरीत नोकर, आजोबाही तिथेच, आणि यांची शाळा पहिलीपासून उर्दू. बालबोध अक्षरं त्यांना ओळखता येत, जशी रस्त्यात भेटणारी माणसं चेहऱ्यानं ओळखता येतात. बहिणीला ख्यालीखुशाली कळवायची तर ते मराठीत लिहीत, पण उर्दू लिपीत. बहिणीला उर्दू येत नव्हतं. ती शेजारच्या काझींकडून वाचून घेई. "माझ्या भावाचं मराठी काझीसाहेब किती छान वाचतात," असं ती म्हणायची म्हणे.

अंगानं ते उंच होते, मानेत किंचित वाकलेले. वर शेरवानी आणि खाली धोतर असा वेश. गावातला एकजण म्हणायचा, "मास्तर वरून हैदराबाद हायेत आन् खालून परभणी." हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी शेरवानीकडं पाहिलं, धोतराकडं पाहिलं, आणि म्हणाले, "बटणं तुटेपर्यंत तरी असंच राहील." त्यांच्याकडं एक सायकल होती. तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. ते ती हातात धरून चालत. सायकलवर बसलं की नजर लांब जाते आणि बांधाच्या कडेचं काही दिसत नाही, असं कारण ते देत.

बांधाच्या कडेला त्यांना काती सापडत. सापाची कात म्हणजे त्यांच्या जिवाचा विषय. गावात कातीला मान होताच. कोणी ती धान्याच्या कणगीत ठेवी, बरकत राहते म्हणून. कोणी बाळंतिणीच्या खोलीत धुरी देण्यासाठी मागून नेई. त्यांना यातलं काही नको होतं. त्यांना ती हातात घेऊन बघायची असे. पातळ, खवल्याखवल्याची, वाऱ्यानं उचलली जाईल अशी. त्यांच्या फारसीच्या जाड पुस्तकात खूण म्हणून एका नागाची कात कायम असायची.

मी एकदा विचारलं, "कात हा शब्द आला कुठून?"

"कुठं भेटला?"

"तुमच्या पुस्तकात."

ते खूश झाले. ओसरीवर मांडी घालून बसले आणि सांगू लागले. संस्कृतात कृत्ति म्हणजे कातडं. शंकर ते पांघरतो म्हणून त्याला कृत्तिवास म्हणतात. पुढं लोकांच्या तोंडी त्याचं कत्ति झालं आणि आपल्याकडं कात. कातडं, कातडी ही त्याच घरची भावंडं. "आता उर्दू पाहा. उर्दू म्हणते केंचुली. तिचं मूळ कंचुक म्हणजे चोळी. उर्दूला वाटलं, सापानं कपडा बदलला. मराठी म्हणते, नाही, ते त्याचं कातडं होतं. यात मराठी खरी आहे, मियाँ. कपडा काढताना कोणी आंधळं होत नाही."

"आणि फारसी?"

"फारसी म्हणते पोस्त अंदाख्तन. पोस्त म्हणजे कातडी, अंदाख्तन म्हणजे टाकणं. तिकडंही टाकतातच." हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी परदेशात भाऊबंद भेटल्याची बातमी आणली असावी.

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "अहो, तीन भाषांत साप सोलून झाला असेल तर एका भाषेत आपलं नाव लिहायला शिका. मोहतमीम यायचेत."

मोहतमीम म्हणजे शिक्षण खात्याचे तपासनीस. राज्य बदललं, पदाचं नाव बदललं, तरी गाव त्यांना मोहतमीमच म्हणत होतं. उर्दूत शिकवणाऱ्या मास्तरांनी ठरलेल्या मुदतीत मराठीतून शिकवायला शिकावं, न जमल्यास शाळा सोडावी, असा हुकूम होता. त्यांची मुदत संपत आली होती. दुसरा धंदा त्यांना येत नव्हता. घरी शेत नव्हतं. शिकवणं सुटलं असतं तर ते काय करतील, याचं उत्तर त्यांच्या पत्नीपाशीही नव्हतं. म्हणून ती टोमणे मारत होती.

तिला मराठी उत्तम वाचता येई. वडिलांनी तिला पोथीपुरतं शिकवलं होतं. श्रावणात ती खडखडीत आवाजात पोथी वाचायची आणि हा फारसीचा विद्वान कोपऱ्यात बसून ऐकायचा. मी त्यांना रोज संध्याकाळी ओसरीवर बालबोध शिकवू लागलो, तेव्हा तीच मध्ये मध्ये पाहणी करायची. "भावजी, यांना दोन वेळा वेलांटी चुकली तर एक वेळचा चहा बंद करा." मला ती भावजी म्हणत असे.

अक्षर त्यांचं सुंदर होतं. अडचण निराळी होती. हात आपोआप उजवीकडं जाई. वही ते मागून उघडत. फळ्यावर 'साप कात टाकतो' लिहायचं तर 'साप' हा शब्द नीट डावीकडून उजवीकडं लिहीत, पण फळ्याच्या उजव्या टोकाला. मग दोन पावलं डावीकडं सरकून 'कात'. मग आणखी डावीकडं 'टाकतो'. लिहून झालं की फळ्यावर 'टाकतो कात साप' उमटलेलं असे. पोरांना याचं काही वाटेनासं झालं होतं. इतिहासाच्या तासाला ती उजवीकडून वाचत आणि माझ्या तासाला डावीकडून. एका बापानं मात्र शाळेत येऊन विचारलं, "आमचं पोरगं घरी पाटी उलटीकडून वाचायलंय, ह्ये काय करायलाव तुमी?" तेव्हापासून त्यांना गावात उलटे मास्तर म्हणू लागले.

हे नाव चेष्टेचं होतं तोवर ठीक होतं. नंतर त्याला दुसरा वास येऊ लागला. पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात झेंडा लागला. जिंतूरहून आलेले एक वक्ते रंगात येऊन म्हणाले, "बंधूंनो, आपल्या राज्यानं कात टाकली आहे!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर आमचे हे गृहस्थ मास्तरांच्या रांगेतून उठले.

"माफ करा," ते म्हणाले. "कात टाकण्याआधी साप काही दिवस आंधळा असतो. तेही या पोरांना सांगावं."

एवढंच बोलून ते खाली बसले. त्यांना शब्द दुरुस्त करायचा होता, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती. पण लोकांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला. मास्तरांचं तोंड अजून हैदराबादेकडं आहे, असं पारावर बोललं जाऊ लागलं. रझाकारांचे दिवस लोकांच्या अंगावरून नुकतेच गेले होते. असं वाक्य तेव्हा हलकं नव्हतं. त्यांनी खुलासा केला नाही. मी सुचवलं, तर म्हणाले, "मी सापाबद्दल बोललो. लोक माझ्याबद्दल बोलतायत. मी मध्ये कशाला पडू?"

मूग-उडीद निघाल्यानंतरच्या दिवसांतली ती गोष्ट. शाळा एका जुन्या दगडी धर्मशाळेत भरत असे. तिच्या वर्गाच्या खोलीत फळा भिंतीतच होता, चुन्याच्या भिंतीवर काळा रंग दिलेला. त्या भिंतीच्या कोनाड्यात एका सकाळी नाग दिसला. वेटोळं करून पडलेला. आरडाओरड झाली, पोरं बाहेर, आणि पाहता पाहता पाच-पंचवीस माणसं काठ्या घेऊन दारात. साप मात्र जागचा हलेना. अंगाचा रंग विटल्यासारखा, आणि डोळ्यांवर दुधावरच्या सायीसारखं काहीतरी.

आमचे हे सायकल भिंतीला लावून दारात उभे राहिले. "कातीवर आलाय," ते म्हणाले. "त्याला दिसत नाही. काठ्या खाली ठेवा."

"मास्तर, पोरं हायेत आत बसनारी," कोणीतरी ओरडलं. "बाजूला व्हा."

"पोरं लिंबाखाली बसतील."

"आन् डसला म्हंजे?"

"तुम्ही डिवचलात तर डसेल."

या बाचाबाचीत एक म्हातारे धनगर पुढं आले. गावच्या एका शेतात खतासाठी त्यांची मेंढरं बसवलेली होती. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी दारातून वाकून पाहिलं आणि मागं वळून काठ्यांकडं हात केला. "खाली घ्या. कातीवरच हाय त्यो. आंधळ्यावर काठी उचलायची न्हाई. आमच्यात तर मेंढरं त्या अंगाला नेत न्हाईत, कात टाकीपत्तोर."

"कधी टाकंल मग?"

"डोळे निवळू द्या. मंग दोन-चार रोजात टाकंल आन् जाईल आपल्या वाटंनं."

आबांच्या मेंढरांना गावात मान होता, म्हणून आबांच्या शब्दालाही होता. खोलीला कडी घातली. शाळा लिंबाखाली भरू लागली. दुसऱ्याच दिवशी मोहतमीम आले.

ते कोरडे पण न्यायी गृहस्थ होते. दुसऱ्या जिल्ह्यातले असल्यामुळे त्यांना इथला कोणी आपला नव्हता आणि कोणी परका नव्हता. लिंबाखाली ते खुर्चीवर बसले. मास्तरांनी इतिहासाचा पाठ घ्यायचं ठरवलं होतं. पण पोरांचं लक्ष बंद खोलीकडं होतं. ते पाहून यांनी पाठ सोडला आणि खोलीत काय चाललं असेल ते सांगायला सुरुवात केली. जुन्या कातडीखाली नवी तयार होते, दोन्हींच्या मध्ये पाणी साठतं, डोळ्यांवरची कातडीही त्यातच निघते, म्हणून जनावराला दिसेनासं होतं. ते खात नाही, हलत नाही, नुसतं वाट पाहतं. हे सगळं घरच्या बोलीत, त्यांच्या आईच्या मराठीत. मध्ये एकही उर्दू शब्द आला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. पोरं हलली नाहीत. मोहतमीमही हलले नाहीत.

पाठ संपला. मोहतमीम म्हणाले, "बोलणं ऐकलं. आता लेखन पाहू. फळा कुठं आहे?"

"आत आहे."

"उघडा मग."

"आत साप आहे, साहेब. आपण आत्ताच ऐकलंत."

मोहतमीमांनी सावकाश चष्मा पुसला. गावात कोणीतरी त्यांचे कान भरले होते, हे त्यांच्या पुढच्या प्रश्नावरून कळलं. "मास्तर, हा साप खरा आहे की निमित्त? तुम्हाला बालबोध लिहिता येत नाही, असं ऐकतो. तुमचं मन अजून जुन्या राज्यात आहे, असंही ऐकतो."

मास्तरांचा चेहरा उतरला. पाटी आणून लिहून दाखवा, असं मी हळूच म्हणालो. ते न ऐकल्यासारखं करून म्हणाले, "साप गेला की लिहीन. फळ्यावरच लिहीन. आज खोली उघडणार नाही."

हुकमाला नकार म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाला कळत होतं. तेवढ्यात लिंबाला टेकून उभे असलेले आबा बोलले.

"सायेब, मास्तरबी कातीवरच हाय की. डोळ्यावर साय आलीया. थोडं दिस द्या त्यास्नी."

हसू फुटलं. मोहतमीमही हसले. एकटे मास्तर संतापले. "आबा, मला जनावर करू नका!"

"जनावराचं काय वाईट हाय, मास्तर? दर साली नवं व्हतंय. मान्साला कुठं जमतंय त्ये?"

मोहतमीम उठले. पुढच्या गावच्या शाळा पाहून परतीच्या वाटेवर पुन्हा येईन, तेव्हा फळा पाहीन, असं म्हणाले. "तोवर तुमचा साप काय ते ठरवील." त्या संध्याकाळी ओसरीवर ते शिकायला बसले नाहीत. पत्नीनं टोमणा मारला नाही. चहा मात्र दोनदा आला.

मोहतमीम परत आले त्या सकाळी शाळेसमोर पुन्हा गर्दी होती. दाराच्या फळीखाली बोटभर फट होती. त्या फटीत कात अडकलेली होती. शेपटाकडचा भाग बाहेर पायरीवर, आणि तोंड उंबऱ्याच्या आत.

"आत गेलाय," लोक म्हणत होते. "तोंड आत हाय की त्याचं! आता भिंतीत घुसला. भिंत खणल्याबिगर निघत न्हाई."

आबाही मान हलवत होते. "आतच वाटतोय खरा." कुदळी आल्या होत्या. भिंत खणायची म्हणजे फळा खणायचा.

मास्तरांनी गर्दीतून वाट काढली, खाली बसले, कात बोटांवर घेतली आणि उठून कडी काढली. कोणी अडवण्याच्या आत ते आत गेले, कोनाड्यात हात घालून तो रिकामा असल्याचं दाखवलं आणि कोनाड्याखालीच, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले. "या," ते आतून म्हणाले. "तो बाहेर गेलाय."

कोणी आत गेलं नाही. मोहतमीम उंबऱ्याशी आले. "कशावरून?"

"पोरगं डोक्यावरून सदरा ओढून काढतं, तेव्हा सदरा उलटा होतो. कात तशीच निघते. साप आधी कशावर तरी ओठ घासतो, तोंडाची कातडी तिथं अडकते, आणि तो तिच्यातून पुढं सरकतो. आतली बाजू बाहेर येते. तोंड जिथं सुरुवात झाली तिथंच राहतं. शेपूट शेवटी सुटतं." त्यांनी कात उचलून धरली. "तोंड आत आहे, म्हणजे तो आतून निघाला. शेपूट बाहेर आहे, म्हणजे तो बाहेर गेला. कात जिकडं तोंड करून पडते, तिकडं साप गेलेला नसतो."

मोहतमीमांनी उंबऱ्यावर पाय दिला, क्षणभर थांबले, आणि आत आले. त्यांच्या मागून मी. मग आबा. बाकीचे दारातच.

"आता लिहा," मोहतमीम म्हणाले.

मास्तर उठले. खडू घेतला. आणि पाय सवयीनं फळ्याच्या उजव्या टोकाला गेले. उजव्या कडेला त्यांनी बोट टेकवलं. मग फळ्याला खडू न लावता चालत डाव्या टोकाला आले आणि तिथून लिहिलं: साप कात टाकतो. एक वेलांटीही चुकायला जागा नव्हती, असं वाक्य त्यांनी निवडलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मोहतमीमांनी आणखी काही ओळी सांगितल्या. त्या त्यांनी लिहिल्या. दोन वेलांट्या चुकल्या. मोहतमीम म्हणाले, "आणखी एक वर्ष देतो. वेलांट्या सुधारा." घरी गेल्यावर पत्नीनं चहा दिला आणि चुकलेल्या वेलांट्यांबद्दल विचारलं. दोन आहेत हे कळताच दुपारचा चहा दिला नाही.

वर्षभरानं ते कायम झाले. मी शाळा सोडून वर्तमानपत्रात गेलो. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली मी मराठवाड्यावर एक लेख लिहिला आणि त्याला 'मराठवाड्याने कात टाकली' असं शीर्षक दिलं. शीर्षक झटपट सुचलेलं होतं. पुढं परभणीला कामानिमित्त जाणं झालं, तेव्हा वाट वाकडी करून चारठाण्याला गेलो.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. "अहो, पंतोजी आलेत तुमचे." मग माझ्याकडं वळून, "भावजी, रागावलेत तुमच्यावर. अंक दाखवला कोणीतरी."

ते ओसरीवर बसले होते. नोकरी संपली होती. शेरवानी नव्हती, बटणं तुटली असावीत. मांडीवर तेच जाड फारसी पुस्तक होतं आणि त्यात तीच कात. आमचा अंक शेजारी पडला होता.

"शीर्षक तुमचं?"

"माझं."

"आंधळेपणाचे दिवस कुठं लिहिलेत? मी शोधले. सापडले नाहीत."

विषय बदलावा म्हणून म्हणालो, "अजून फारसीच वाचता?"

त्यांनी पुस्तकातली कात अलगद काढून अंकावर ठेवली. तिचं तोंड पुस्तकाकडं होतं. ते त्यांनी बोटानं दाखवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "तुम्हालाही त्या दारातल्या लोकांसारखंच वाटलं का?" एवढंच विचारलं.

उत्तराची वाट न पाहता ते उठले. वर्गाची वेळ झाली होती. धर्मशाळेच्या त्याच खोलीत ते आता मोठ्या माणसांना अक्षरओळख शिकवत. सायकल हातात घेऊन ते निघाले, मी सोबत. वाटेत ते बांधाच्या कडेला बघत चालत होते. खोलीत आबांच्या घरच्या दोन सुना, एक सुतार आणि काही शेतकरी पाट्या घेऊन बसले होते. फळ्याचा काळा रंग नवा होता.

त्यांनी खडू घेतला. उजव्या कडेला जाऊन, सापानं ओठ टेकवावे तसं, तिथं बोट टेकवलं. वर्गातल्या कोणालाच त्याचं नवल वाटलं नाही. मास्तर रोज तसंच करत असावेत. मग ते सावकाश चालत डाव्या टोकाला आले आणि लिहू लागले.